इन्स्पेक्टरीण सूप चाखते

साबणाच्या कारखान्यात नोकरी करण्याचा एक मोठा फायदा आहे. माणसाला कुठलाच वास येईनासा होतो. सुरुवातीला गुलाब, लिंबू, कापूर आणि उकळती चरबी अशी सगळी मंडळी एकदमच नाकात बिऱ्हाड करतात. नाक थोडे दिवस तक्रार करतं आणि मग एकदा राजीनामा दिला, की ते परत कामावर येत नाही. अशा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अक्का स्वयंपाक करायची, आणि तिच्या नाकाची ख्याती पार मासळीबाजारापर्यंत पोचली होती. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ते उगाच नाही. पण अक्काच्या बाबतीत ते पूर्ण खरंही नव्हतं. एके काळी तिचं नाक खरोखरच तसं होतं.

लग्नाच्या वयात तिला बघायला जे जे आले, त्यांच्याकडे तिने नाक मुरडलं, आणि प्रत्येक वेळी शब्दशः. एकाच्या घराला ओलसर भिंतीचा वास येत होता. दुसऱ्याच्या कोटाला त्याच्या थोरल्या भावाचा. तिसऱ्याचं सगळं चांगलं होतं, पण त्याच्या आईने केलेली कॉफी जरा लागली होती आणि कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. "ज्या घरात करपलेलं कळत नाही, त्या घरात जन्म काढायचा?" असं म्हणून अक्काने तोही विषय संपवला. तिच्या आईने कपाळावर हात मारून घेतला. अक्का साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळण्याच्या कामावर लागली.

तिथून ती स्वयंपाकघरात कशी गेली, ही गोष्ट कारखान्यात नव्या माणसाला हटकून सांगितली जाई. एकदा ती कॅन्टीनवरून जाता जाता दारातूनच ओरडली, "दूध लागतंय!" आत उभ्या असलेल्या स्वयंपाक्याने शांतपणे उत्तर दिलं, "छे, आत्ताच तर ठेवलंय." मग त्याने झाकण काढलं. पुढच्या महिन्यात पळी अक्काच्या हातात होती आणि स्वयंपाकी चरबीच्या टाक्यांवर ढवळायला उभा होता.

तिच्या हातचं हाडांचं सूप प्रसिद्ध होतं. हाडं उकळायची, आणि कांदा-लसूण पार काळपट होईपर्यंत परतून त्यात ढकलायचा, एवढंच. पण ते सूप वाढण्याआधी एक सोहळा असायचा. जेवणाची घंटा व्हायची, माणसं हात धुऊन खिडकीपाशी रांगेत उभी राहायची, आणि अक्का सगळ्यांसमक्ष पळीभर सूप घेऊन डोळे मिटायची. एक घोट. रांग श्वास रोखून उभी. मग ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "वाढा." अक्काने "वाढा" म्हटल्याशिवाय मॅनेजरसुद्धा चमचा उचलत नसे. तिने न सांगता मिठाची बरणी मागणारा फोरमन वर्षभर तळातलं सूप खात होता, अशी आख्यायिका होती. फोरमन ती नाकारत नसे.

मग एका हिवाळ्यात अक्काला ताप आला. साधाच ताप. औषध घेतलं, झोपली, उठली, आणि सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला तर ते गरम पाणी होतं. काळं, पण पाणी. धाकटीने पावडर घालायची कंजुषी केली, असं समजून तिने डबाच नाकाशी धरला. काहीच नाही. लसूण ठेचून हुंगला. काहीच नाही. खारट-गोड तेवढं जिभेवर कुठेतरी लांबून ऐकू आल्यासारखं कळायचं. बाकी सगळं जेवण म्हणजे निरनिराळ्या आकाराचा कागद.

धाकटी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारल्यापासून दोघी नणंद-भावजया दोन खोल्यांत एकत्र राहत होत्या आणि एकमेकींशिवाय जगू शकणार नाही हे दोघींनाही माहीत असल्यामुळे रोज भांडत होत्या. धाकटीचा स्वयंपाक सौम्य. अक्का त्याला "आजाऱ्याचं जेवण" म्हणायची. तापानंतर तिने ते म्हणणं बंद केलं नाही, उलट वाढवलं. ताट पुढे आलं की पहिल्या घासाला, "काय गं, मीठ महागलंय का?" धाकटी बिचारी मीठ वाढवायची. एके दिवशी तिने चुकून दुप्पट घातलं, तरी अक्का म्हणालीच, "मीठ महागलंय का?" धाकटीने तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग पाणी पुढे केलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्काने मूठ झाकली. नाक गेलं हे कळलं असतं तर पळी गेली असती, आणि पळी गेल्यावर अक्काकडे उरलं काय असतं? तेव्हा सोहळा चालूच राहिला. रोज डोळे मिटायचे, गरम पाणी गिळायचं, "वाढा" म्हणायचं. एकदा खिरीचं दूध करपलं. ते तिला धूर दिसल्यावर कळलं. ती म्हणाली, "मुद्दाम खरपूस केलंय." त्या दिवशी लोकांनी खीर दोनदा मागून नेली, आणि फोरमन म्हणाला, "हे फक्त अक्कालाच जमतं." खरंच होतं ते.

पण दूध करपलं की धूर दिसतो, रोज सकाळी मासळीवाली टोपलीतून आणते तो मासा शिळा असला तर काहीच दिसत नाही. आणि नेमकी तेव्हाच इन्स्पेक्टरीण आली.

ती मूळची चरबीच्या गोदामातली. तिथे उंदीर फार, म्हणून ही करड्या पट्ट्यांची मांजरी आपणहून कामावर रुजू झाली होती. एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली, मासळीच्या टोपलीत तोंड घातलं, हुंगलं, आणि जे तोंड करून निघून गेली ते तोंड अक्काने ओळखलं. ते तिचंच होतं, तापाच्या आधीचं. अक्काने अंधारात तीर मारला. टोपली उचलून मासळीवालीच्या पुढ्यात आपटली. "कालचा आहे."

मासळीवाली पडेल आवाजाची बाई नव्हती. पण तिचाही चेहरा उतरला. "अक्का, तुझं नाक आहे का काय आहे गं! थोडाच कालचा आहे, वरवरचा ताजाच आहे."

त्या दिवसापासून मांजरीला कॅन्टीनमध्ये बढती मिळाली. कुठून कोणी तिला इन्स्पेक्टरीण म्हणायला लागलं ते ठाऊक नाही, पण नाव चिकटलं. सकाळी मासळी, मटण, कोंबडी, दूध जे येईल त्यातला एक तुकडा तिच्या बशीत. तिने खाल्लं की माल आत. तिने पाठ फिरवली की माल बाहेर. संध्याकाळी अक्का तिला पिशवीत घालून घरी न्यायची आणि सकाळी परत आणायची. नोकरीवर एवढी वक्तशीर ने-आण कारखान्यात फक्त तिची आणि मॅनेजरची होत असे.

इथवर ठीक होतं. मासा ताजा की शिळा हे मांजराला कळतं, हे कुणीही कबूल करील. पण जिला मासा कळतो तिला सूपही कळणारच, ही पुढची पायरी चढायला अक्काच हवी. ती चढली. घंटा व्हायच्या आधी बशीभर सूप निववून इन्स्पेक्टरणीपुढे ठेवायचं. बशी चाटूनपुसून लख्ख झाली तर सूप जमलं. तळाला राहिलं तर काहीतरी कमी. मग अक्का अंदाजाने मीठ टाकायची आणि दुसरी बशी. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ऐकलं होतं. मांजरावरून सुपाची परीक्षा करण्याचा शोध अक्काचा.

मांजराला माणसाचं अन्न द्यावं की नाही, यावर कारखान्यात एकमत होतं: प्रत्येकाने आपल्या ताटातलं द्यावं. फोरमन चहाबरोबरच्या केकचा कोपरा द्यायचा, चॉकलेटचा असला तर कोपरा जरा मोठा. मॅनेजरचं म्हणणं, "जनावराला काय होतंय? आपल्याला चालतं ते त्याला चालतं." आपल्याला म्हणजे त्याला काय चालत नव्हतं याची लांबलचक कहाणी त्याच्या पोटाच्या डॉक्टरला विचारायला हवी होती. एकट्या धाकटीचं मत वेगळं होतं.

"वन्सं, तिला साधं उकडलेलं द्या. कांदा-लसूण मांजरांना सोसत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"माझी आई म्हणायची."

"तुझ्या आईने माणसांनाही साधं उकडलेलंच दिलं. म्हणून तर तू अशी."

"अशी म्हणजे कशी?"

"अळणी."

धाकटीने इन्स्पेक्टरणीला वाटीभर कोमट दूध पाजलं. दुधाने मांजरीचं पोट बिघडायचं आणि दोघी एकमेकींना विचारायच्या, "तू काय दिलंस?" "तुम्ही काय दिलंत?" मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं, पण या घरात पाजणाऱ्यांचेही डोळे मिटलेलेच होते.

एका सकाळी इन्स्पेक्टरणीने मासा हुंगला आणि पाठ फिरवली. अक्काने टोपली परत पाठवली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा मासा परत. त्याच्या पुढच्या दिवशी मटण. मग कोंबडी. मग दूधसुद्धा. अक्काला एकच गोष्ट स्वच्छ दिसली: बाजार बिघडलाय. "काय दिवस आलेत," ती बटाटे सोलता सोलता म्हणाली, "एकही माणूस धड माल विकत नाही." इन्स्पेक्टरीण कोपऱ्यात पोत्यावर पडून होती. अक्काला तिचा अभिमान वाटला. तपासणी असावी तर अशी, भल्याभल्यांना दाद न देणारी.

जेवणात बटाटे आले. मग बटाटे आणि गाजर. मग गाजर आणि बटाटे. रांगेतली माणसं आपापसांत बोलू लागली.

"आज काय?"

"कालचंच, फक्त उलटं."

"अक्का, हाडांना काय झालं?"

"हाडं चांगली मिळत नाहीत," अक्का म्हणाली. "तुमच्या जिवाची काळजी घेतेय तर तोंडं वाकडी करताय. उद्या पोटं धरून बसलात म्हणजे?"

"बसायला पोटात काही असावं लागतं, अक्का," फोरमन म्हणाला, आणि पुन्हा तळातल्या बटाट्यांच्या यादीत गेला.

सूप होत नव्हतं म्हणून इन्स्पेक्टरणीला बशी मिळत नव्हती, असं मात्र नाही. सकाळी ती काही खात नाही हे बघून अक्काने जुन्या हाडांचा अर्क राखून ठेवला होता, चांगला कांदा-लसणाचा. "खा गं, तेवढी शक्ती येईल," म्हणत ती चमच्याने तिच्या तोंडात घालायची.

आणि मग भर जेवणाच्या वेळी मासळीवाली कॅन्टीनच्या दारात उभी राहिली. डोक्यावरची टोपली तिने खाली ठेवली नाही, आदळली.

"कुठंय ती नाकाची पाटलीण? सगळा बाजार विचारतोय, तुझा माल कारखान्यातून रोज परत का येतो? माझं गिऱ्हाईक तुटलं! हा मासा घे. पहाटे जाळ्यात होता. अजून त्याला आपण मेलोय हे कळलं नाहीये. हुंग आणि सांग सगळ्यांसमोर!"

रांग आनंदाने दोन्ही बाजूंना सरकली. बटाट्यांपेक्षा हे बरं होतं. मॅनेजरही ताट घेऊन बाहेर आला. अक्काने मासा हातात घेतला. नाकाशी धरला. तिला साबणही आला नाही, समुद्रही आला नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती निकाल द्यायला अडखळली, आणि नकळत तिची नजर पोत्याकडे गेली.

मासळीवालीची नजर तिच्या नजरेमागून गेली. ती दोन पावलं पुढे झाली, वाकली, मांजरीचा ओठ बोटाने वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या.

"अगं अक्का," तिचा आवाज एकदम खाली आला. "मासा नाही गं. तुझं मांजर संपत आलंय."

माणसाला ताप आला तर मॅनेजर आधी अर्ज मागायचा. मांजरीसाठी त्याने ताट तसंच ठेवून गाडी काढली. कदाचित बटाट्यांपासून सुटकेचाही तो एक मार्ग असेल. मागच्या सीटवर अक्का मांडीवर पोतं घेऊन, आणि तिच्या शेजारी मासळीवाली, टोपलीसकट. "मी येणार," ती म्हणाली, "माझ्या माशाने काही झालं नाही हे मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय." मॅनेजरने चारही काचा उघडल्या. म्हणजे त्याचं नाक अजून थोडंफार शाबूत होतं, ही नवीच माहिती मिळाली.

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती. पोलादी टेबलावर तिने इन्स्पेक्टरणीला तपासलं, डोळे बघितले, पोट दाबलं. मांजरी भराभर श्वास घेत होती, जिना चढून आल्यासारखी.

"लघवीचा रंग?"

"गडद," अक्का म्हणाली. "चहासारखा."

"काय खाते?"

"आम्ही खातो तेच," मॅनेजर म्हणाला. "त्याने काय होतंय?"

"बरंच काय काय होतं," डॉक्टरीण त्याच्याकडे न बघता म्हणाली. "नीट सांगा, काय काय?"

"धाकटी दूध पाजते," अक्का तत्परतेने म्हणाली. "रोज. नको म्हटलं तरी."

"दुधाने पोट बिघडतं, मावशी. रक्त असं कमी होत नाही. आणखी?"

"फोरमन केक देतो. चॉकलेटचा."

"तो तर अजिबातच नको. पण ही लक्षणं त्याचीही नाहीत." तिने मॅनेजरला विचारलं, "कारखान्यात उंदरांचं औषध टाकता?"

मॅनेजरने गळा साफ केला. "गोदामात. परवाच टाकलंय."

"मग तेच असणार. विष खाल्लेला उंदीर हिने खाल्ला असेल." तिने कपाट उघडलं. "त्यावर इंजेक्शनं वेगळी आहेत, तीच सुरू करते. चुकीच्या दिशेला गेलो तर मात्र हिच्याकडे वेळ नाहीये. कांदा, लसूण असलं काही पोटात गेलेलं नाही ना? कच्चं, शिजवलेलं, सुपातलं, कसंही? त्याने मांजरांच्या रक्तातल्या पेशी फुटतात. एखाद्या वेळी चाटलं असेल तर सोडून द्या. रोज असेल तर वेगळी गोष्ट."

मॅनेजर म्हणाला, "छे, कांद्याचं काय? मांजर कधी कांदा खातं का?"

मासळीवाली म्हणाली, "मांजर कशाला कांदा खाईल?"

अक्का मांजरीकडे बघत होती. टेबलावर इन्स्पेक्टरणीचं पोट वर-खाली होत होतं. एका बाजूला मॅनेजर, ज्याच्या हातात पळी देणं आणि काढून घेणं होतं. दुसऱ्या बाजूला मासळीवाली, जिच्या कानात गेलेली गोष्ट दुपारपर्यंत बाजार ओलांडून पलीकडे जायची. गप्प बसायला काही लागत नव्हतं. उंदराचं विष छान होतं, त्यात कुणाचाच दोष नव्हता, फार तर मॅनेजरचा. आयुष्यभर नाकाने कांदे सोलले, आता तोच कांदा नाकाशी आला होता.

डॉक्टरणीने सुई उचलली.

"रोज," अक्का म्हणाली.

"काय रोज?"

"सूप. बशीभर. कांदा-लसणाचं. कधी दोन बशा. आजही दिलंय, चमच्याने."

डॉक्टरणीने सुई खाली ठेवली. "रोज? कशासाठी, मावशी?"

"चव बघायला."

"तिला आवडतं का ते बघायला?"

"नाही. सूप जमलंय का ते बघायला." अक्काने पोत्याचं टोक दुमडलं आणि पुन्हा उलगडलं. "मला येत नाही चव. वासही येत नाही. त्या तापापासून."

डॉक्टरीण कामाला लागली. दुसरी बाटली, दुसरी सुई, मदतनीस बाईला हाक. तिला दुसऱ्या कशात रस नव्हता, आणि त्याबद्दल अक्काला तिला आशीर्वाद द्यावासा वाटला.

मासळीवालीला मात्र होता. "म्हणजे माझे मासे परत पाठवायची, ती तू नव्हेस?"

"नाही."

"ही?" तिने टेबलाकडे बोट केलं. "एवढे महिने मी मांजराला घाबरत होते?"

"मग काय झालं?" अक्का चिडून म्हणाली. "तिने एकदा तरी खोटं सांगितलं का?"

मासळीवालीने विचार केला. "नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली. "हे आजारपण सोडलं तर नाही."

मॅनेजर भिंतीवरचा कुत्र्यांच्या जातींचा तक्ता वाचत होता. "आणि आम्ही," तो तक्त्यालाच म्हणाला, "आम्ही रोज खात होतो ते..."

"मांजराने पास केलेलं," मासळीवाली म्हणाली. "तुमचा साबण कुणी पास करतं का?"

इन्स्पेक्टरणीला दवाखान्यातच ठेवून घेतलं. जगेल का, याचं उत्तर डॉक्टरणीने दिलं नाही, फक्त म्हणाली, "वेळेवर बोललात." अक्काने रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं आणि घरी चालत गेली. मॅनेजरच्या गाडीत बसायची तिची इच्छा नव्हती. मॅनेजरचीही फार नव्हती, टोपलीचा वास अजून गेला नव्हता.

बातमी अक्काच्या आधी कारखान्यात पोचली. दुसऱ्या दिवशी पळी काढून घेतली जाईल म्हणून ती ॲप्रन न घालताच उभी होती. पण मॅनेजरला स्वयंपाकी शोधण्यापेक्षा समिती नेमणं सोपं वाटलं. सूप अक्कानेच करावं, आणि चाखायचं काम कामगारांतल्या जाणकारांनी करावं. जाणकार कोण? सगळेच पुढे आले. मोठ्या पातेल्यातून एकेकाला चमचा दिला. टाक्यांवरचा माणूस म्हणाला, खारट आहे. कागद गुंडाळणारी म्हणाली, जरा आणखी मीठ हवं. फोरमनने डोळे मिटून, अगदी अक्कासारखे, घोट घेतला आणि म्हणाला, "अहाहा. जमलं. मीठ अगदी नेमकं."

"मीठ अजून घातलेलंच नाही," अक्का म्हणाली.

समिती बरखास्त झाली. सारा कारखाना महिनोन्महिने एका मांजरीच्या जिभेवर जेवत होता याचं आता कुणालाच नवल वाटेना, कारण दुसरी जीभ त्या चार भिंतींत नव्हतीच. पण ही करमणूक फार दिवस चालणार नाही हे अक्काला दिसत होतं. आठवड्याअखेर मॅनेजर बाहेरून माणूस आणणार, असं फोरमन सगळ्यांना गुपित म्हणून सांगत होता.

त्या संध्याकाळी धाकटीने ताट पुढे केलं. अक्काने घास घेतला. मीठ महागलंय का, हे विचारलं नाही. धाकटीने वाट बघितली आणि मग स्वतःच म्हणाली, "आज काहीच नाही?"

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मीठ दुप्पट पडलं होतं ना एकदा. तुम्ही मिटक्या मारत जेवलात, आणि वर मलाच बोललात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू देता होय?" धाकटीने तिच्या पेल्यात पाणी ओतलं. "आणि बोलून काय, वन्सं? नाक गेलं म्हटल्यावर तुम्ही घरात बसला असतात. दिवसभर. माझ्यासमोर."

अक्काला हसू आलं होतं, पण ती हसली नाही. ती बराच वेळ ताटातला बटाटा इकडून तिकडे सरकवत राहिली. बघायला आलेले तिन्ही मुलगे परत पाठवताना तिला एवढं जड गेलं नव्हतं.

"उद्या येशील कॅन्टीनमध्ये?"

"कशाला?"

"चाखायला."

"मी?" धाकटीने हात कमरेवर ठेवले. "मी अळणी ना? माझ्या हाताला चव नाही ना?"

"हाताला नाहीच," अक्का म्हणाली. "पण जिभेला आहे. तुझ्या आईचं ते उकडलेलं खाऊन शिल्लक राहिली असणार."

यापेक्षा मोठी माफी या घरात कुणी मागितली नव्हती. धाकटीने ती घेतली.

आता घंटा झाली की रांग लागते, आणि खिडकीत दोघी उभ्या असतात. अक्का पळी भरून देते. धाकटी डोळे मिटत नाही, तिला त्याची गरज वाटत नाही. ती घोट तोंडात घोळवते, छताकडे बघते, पुन्हा घोळवते. सासरी आल्यापासून तिच्या एका शब्दासाठी एवढी माणसं कधी थांबली नव्हती, आणि ती काही त्याची घाई करत नाही. अक्का ॲप्रनला हात पुसत उभी राहते. जन्मात कुणाला न विचारलेला प्रश्न ती रोज विचारते, "कसं झालंय?"

"मीठ कमी," धाकटी सांगते. रोज. जमलं असलं तरी आधी तेच. मग जरा थांबून, "बरं, वाढा."

इन्स्पेक्टरीण परत आली ती हाडं आणि पट्टे एवढीच. डॉक्टरणीने बजावून पाठवलं होतं: मांजरांचं मिळतं ते खाणं द्या. माणसाच्या जेवणातलं द्यायचंच तर उकडलेली कोंबडी, हाड काढून, मीठ नाही, मसाला नाही. कधी उकडलेलं अंडं. दुधाची वाटी बंद, केक बंद, द्राक्षं आणि बेदाणेसुद्धा बंद, आणि कांदा-लसूण असलेल्या पातेल्याच्या जवळपाससुद्धा नको. धाकटीने हे ऐकून काहीही म्हटलं नाही. "माझी आई म्हणायची," एवढंसुद्धा नाही. फक्त अक्काकडे बघितलं, आणि अक्काला वाटलं, म्हटलं असतं तर परवडलं असतं. दुधाचं नाव निघालं तेव्हा मात्र बघायची पाळी अक्काची होती.

मासे हुंगायचं काम अजून इन्स्पेक्टरणीचंच आहे. मासळीवालीचाच आग्रह. "दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी टोपली परत नेणार नाही," ती म्हणते, आणि टोपली आधी मांजरीपुढे ठेवते, मग अक्कापुढे.

परवा दुपारी अक्काने तिच्या बशीत उकडलेली कोंबडी घातली. पांढरी, कोरडी, कशाचाच स्पर्श नसलेली. इन्स्पेक्टरणीने हुंगली. मग मान वर करून चुलीवरच्या पातेल्याकडे बघितलं, मग बशीकडे, मग अक्काकडे. ते तोंड अक्काने ओळखलं.

"खा मुकाट्याने," ती म्हणाली. "मी नाही का खात?"